गॉलवेत राहून मॅरिनर्सचा अख्खा सीझन कसा साधायचा?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथे बेसबॉल बघणारे किती जण आहेत कल्पना नाही, पण शिकायला परदेशी गेलेले आणि घरच्या टीममध्ये जीव अडकलेले नक्की असतील, म्हणून विचारते.

मी मूळची सांगलीची. दुसरीत असताना आम्ही बॉथेलला राहायला गेलो, सिॲटलच्या उत्तरेला. आता माझं गाव सिॲटल आणि टीम सिॲटल मॅरिनर्स. गेल्या सप्टेंबरपासून आयर्लंडमध्ये गॉलवेला मेडिसिन शिकते आहे. मार्चअखेरीला नवा सीझन सुरू होतोय आणि पहिल्यांदाच सीझनच्या सुरुवातीला मी घरी नसेन.

ज्यांना बेसबॉलची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर माझी अडचण कळायची नाही. एका सीझनमध्ये १६२ गेम असतात, प्रत्येकात नऊ इनिंग, बरोबरी राहिली तर आणखी. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज एक. त्यातले बहुतेक कुणाच्याही लक्षात राहत नाहीत. एप्रिलमधला एखादा मंगळवार, गार हवा, अर्धं स्टेडियम रिकामं, ४-२ असा काहीतरी निकाल. मला तेच सगळ्यात प्रिय आहे. घरी संध्याकाळी वरण-भाताचा कुकर लागलेला असायचा आणि मागे रेडिओवर गेम चालू असायचा. कुणी कान देऊन ऐकत असेलच असं नाही, पण चौथ्या इनिंगमध्ये काय झालं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. आजीलासुद्धा.

बाबा बेसबॉल शिकले ते गाडीत. ऑफिस रेडमंडला, परतताना ४०५ हायवेवर तुफान ट्रॅफिक, आणि ७१० एएमवर रिक रिझचं समालोचन. सांगलीत बाबा लहान असताना आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकत मोठे झाले. कानाने मॅच बघायची सवय त्यांना तेव्हापासूनची, त्यामुळे नियम अर्धवट कळत होते तेव्हाही त्यांनी रेडिओ बंद केला नाही. मग त्यांनी स्कोअरबुक आणलं. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला एक आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरच्या मागे झेलणारा) २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) ६, मधला फील्डर ८. आमच्या शॉर्टस्टॉपने, जे. पी. क्रॉफर्डने, चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला आणि तिथून तो पहिल्या बेसवर गेला की रिझ सांगून संपायच्या आत बाबांनी चौकोनात ६-४-३ लिहिलेलं असायचं. बॅटर बॅट फिरवून बाद झाला तर सरळ के, नुसता बघत उभा राहून बाद झाला तर उलटा के. तो उलटा के काढताना बाबा जीभ टाळूला लावून "च्च" करायचे, मग बाद होणारा आपला असो की परका. हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून शिकले, आणि नंतर डाव्या पानावर समोरची टीम मी लिहायची, उजव्यावर मॅरिनर्स बाबांनी, अशी वाटणीच झाली.

आता अडचण. सिॲटल आणि गॉलवे यांत आठ तासांचं अंतर. घरचा गेम संध्याकाळी ६:४० ला सुरू झाला की इथे रात्रीचे २:४० झालेले असतात. संपतो पहाटे सव्वापाच-साडेपाचला. सकाळी डिसेक्शन असतं, तिथे पेंगत उभं राहून चालत नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी हे सगळं बाजूला ठेवलं. मॅरिनर्सनी २००१ नंतर पहिल्यांदा आपला गट जिंकला होता, आमच्या कॅल रॅलीने ६० होमरन (षटकारासारखे, चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले होते, एका कॅचरने एका सीझनमध्ये मारलेले आजवरचे सर्वांत जास्त. तेव्हा झोपणार कोण? प्लेऑफमधला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमधला, डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक पाचवा गेम इथे शनिवारी पहाटे १:०८ ला सुरू झाला. त्यांच्या पिचरने, तारिक स्कूबलने, सहा इनिंगमध्ये १३ जण बाद केले. सातव्यात आमच्या लिओ रिवासने, त्याच्या वाढदिवशी, बरोबरी करून दिली. त्यानंतर गेम संपेचना. दहावी, अकरावी, बारावी. हाउसमेट झोपलेल्या, मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून एक इयरफोन कानात. पंधराव्या इनिंगमध्ये होर्हे पोलँकोचा फटका गेला, क्रॉफर्ड धावत होम बेसला आला, ३-२. इथे सहा वाजून गेले होते. बाबांना फोन केला तर त्यांच्यामागे सगळी गल्ली ओरडत होती. स्कोअरबुकात बारा इनिंगच्या पुढे रकानेच नाहीत, म्हणून बाबांनी पुढच्या पानावर गेम नेला होता आणि दोन्ही पानं सेलोटेपने जोडली होती. त्याचा फोटो माझ्या भिंतीवर आहे.

आणि मग पुढच्या फेरीत टोरंटोविरुद्धचा निर्णायक सातवा गेम. मॅरिनर्स ३-१ ने पुढे, सातवी इनिंग, टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरचा तीन धावांचा होमरन. ४-३. आजवर वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, एकदाही न खेळलेली एकच टीम आहे आणि ती आमची. स्प्रिंगरच्या फटक्याआधी ती मालिका आमच्यापासून फक्त आठ आउट दूर होती. पहाटे चारला मी लॅपटॉप मिटला, नऊला वर्गात गेले, आणि काय घडलं हे ठाऊक असणारं एकही माणूस त्या इमारतीत नव्हतं. मैत्रिणी चांगल्या आहेत, त्यांनी विचारलं डोळे का सुजलेत. सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. पण स्प्रिंगर कोण हे आधी सांगावं लागलं. त्या दिवशी सिॲटलमध्ये बसमधल्या अनोळखी माणसाशीही मला बोलता आलं असतं.

तर माझा प्रश्न प्लेऑफचा नाही. प्लेऑफला मी जागीनच. प्रश्न एप्रिल-मेमधल्या त्या साध्या मंगळवारांचा आहे. सकाळी उठून निकाल बघितला की आकडा कळतो, गेम कळत नाही. हायलाइट्समध्ये फक्त होमरन दिसतात. आणि बाबांशी बोलायचं तर त्यांनी सगळं बघितलेलं असतं, मी काहीच नाही, त्यामुळे दोन वाक्यांत विषय संपतो. तुम्ही हे कसं जमवता? कुठल्याही खेळाचं सांगा, पण रोजचं सांगा.

---

सुहास_डेल्फ्ट

मी बॉस्टनला वाढलो, नेदरलँड्समध्ये शिकायला आलो आणि इथेच नोकरीला लागलो. रेड सॉक्सचे संध्याकाळचे गेम मला मध्यरात्रीनंतर एकला येतात, म्हणजे तुझ्याइतके वाईट नाहीत, पण अनुभव आहे.

पहिली गोष्ट, वेळापत्रक हाताशी घेऊन बस आणि तुझ्या घड्याळाला जमणारे गेम आधी काढ. तुला वाटतात त्यापेक्षा खूप निघतील. सिॲटलचे रविवारचे घरचे गेम बहुतेक दुपारी १:१० ला असतात, म्हणजे तुझ्याकडे रात्री ९:१०. दुसऱ्या गावाला निघायच्या दिवशी, बुधवारी किंवा गुरुवारी, बऱ्याचदा दुपारचा गेम ठेवतात, तोही तसाच. पूर्व किनाऱ्यावर दौऱ्याला गेले की रविवारचा गेम तुला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मिळेल, जेवता जेवता. एरवीचे सातचे गेम तुझ्या मध्यरात्री सुरू होतात, पहिल्या तीन-चार इनिंग ऐकून झोपता येतं. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो; त्याआधी नऊ इनिंगचा गेम सरासरी तीन तासांवर जायचा, आता दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास संपतो. दुपारचा गेम बारापर्यंत आटोपतो, डिसेक्शनला झोप मिळते.

सीझनच्या अगदी सुरुवातीला एक लक्षात ठेव. अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, आयर्लंड शेवटच्या रविवारी. त्या मधल्या दिवसांत अंतर आठ नाही, सात तासांचं. पहिले एक-दोन गेम त्यातच येऊ शकतात.

दुसरं, एमएलबीचं, म्हणजे या बेसबॉल लीगचं, स्वतःचं सबस्क्रिप्शन. अमेरिकेत वर्षानुवर्षं लोकांची तक्रार हीच होती की आपल्याच गावच्या टीमचे गेम त्यावर दिसत नाहीत, कारण हक्क स्थानिक चॅनलकडे असतात. तू आयर्लंडमध्ये आहेस, तुला ती अट नाही. विद्यार्थिदशेत पैसे जपायचे असतील तर फक्त ऑडिओचं घे, ते कितीतरी स्वस्त पडतं आणि त्यात तुझे रिझ आहेतच. झालेले गेमही नंतर पहिल्यापासून ऐकता येतात. ॲपच्या सेटिंगमध्ये स्कोअर लपवायची सोय आहे, ती आत्ताच चालू कर आणि नोटिफिकेशन बंद कर. मी सकाळी सायकलवर आणि ट्रेनमध्ये कालचा गेम ऐकतो. एका फेरीत चार-पाच इनिंग होतात, उरलेल्या परतताना. निकाल मला संध्याकाळी कळतो. दिवसभर कुणी सांगत नाही, कारण डेल्फ्टमध्ये कुणाला माहीतच नसतं. तुझ्याकडे गॉलवेतही तसंच, याचा फायदा घे.

---

डब्लिनकर

मी गेली काही वर्षं डब्लिनला. मुली, तू ज्या गावात राहतेस तिथे हर्लिंग बघितलंस का? नसेल तर या उन्हाळ्याच्या आधीच सॉल्टहिलला पिअर्स स्टेडियममध्ये जा. एप्रिल-मेमध्ये गॉलवेचे लेन्स्टर चॅम्पियनशिपचे सामने असतात. हातात लाकडी हर्ली, चामड्याचा लहानसा चेंडू, आणि तो हवेतल्या हवेत असा मारतात की पहिल्यांदा बघताना दिसतच नाही. १९८८ नंतर थेट २०१७ ला गॉलवेने ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचं विजेतेपद, जिंकलं. एकोणतीस वर्षं वाट बघितलेलं गाव आहे ते, तुझं दुःख तिथे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट: हे खेळाडू पगार घेत नाहीत. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी बँकेत. आणि बहुतेक जण आपल्या जन्मगावच्या काउंटीसाठीच, म्हणजे जिल्ह्यासाठीच, खेळतात. सोमवारी तोच माणूस दुकानात तुझ्यापुढे रांगेत उभा असतो.

बाकी पहाटे तीनपर्यंत जागून बेसबॉल बघणं मला पटत नाही. शिकायला गेलीस, तिथलं गाव आपलं कर. लांबच्या टीममध्ये अडकून पडलं की जवळचं दिसत नाही, असं मी बऱ्याच मुलांचं बघितलंय.

---

किर्कलंड_काकू

कृष्णाकाठची, बॉथेल म्हणजे आमच्या शेजारचीच की तू! आम्ही १९९४ पासून इथे. किंगडोम, म्हणजे मॅरिनर्सचं जुनं स्टेडियम, पाहिलेली माणसं आहोत.

डब्लिनकरांचा सल्ला चांगला आहे, हर्लिंग बघ जरूर. पण त्यासाठी हे सोडायला कशाला हवं? माझा मुलगा २०२२ मध्ये एडिंबराला मास्टर्स करत होता, तुझंच घड्याळ. घरी राहिलेल्यांची बाजू सांगते, कारण तुझ्या प्रश्नात ती थोडी राहिली आहे. मुलगा गेला तेव्हा आमच्याकडे रेडिओ चालू असायचा, पण ह्यांचं लक्ष लागायचं नाही. काही चांगलं घडलं की मान वळवून बघायचे, तिथे कुणी नसायचं. तुझे बाबा डाव्या पानावर आता समोरची टीमही स्वतःच लिहीत असणार. त्यांनाही तुझ्याइतकीच गरज आहे, हे मनात ठेव आणि त्यांच्याकडून काम करून घे.

आमच्याकडे झालं ते असं. ह्यांनी एकदा गेम संपल्यावर फोनमध्ये पाच मिनिटं बोलून मुलाला पाठवलं. मराठीत. आकाशवाणीवर देतात तसं धावतं समालोचन, पण गेम संपून गेल्यावर केलेलं. मुलाला इतकं आवडलं की मग तो नेमच झाला. अट एकच, शेवटचा निकाल शेवटीच सांगायचा. आणि रेडिओवर जे येत नाही ते सांगायचं: आज छप्पर बंद होतं का, पलीकडून मालगाडी किती वेळा भोंगा वाजवत गेली, आम्ही गेलो असू तर मागच्या रांगेतल्या पोराने काय गोंधळ घातला, डब्यात काय नेलं होतं. (आपल्या स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं चालतं ही केवढी सोय आहे. मी बटाटेवडे नेते, शेजारचे लसूण घातलेले फ्राइज देतात, अदलाबदल होते.)

३० सप्टेंबर २०२२ चं रेकॉर्डिंग मी अजून जपून ठेवलंय. एकवीस वर्षं प्लेऑफ नाही, समोर ओकलंड, १-१ अशी बरोबरी, नववी इनिंग, दोन बाद, तीन बॉल दोन स्ट्राइक, आणि बदली बॅटर म्हणून कॅल रॅली. ह्यांचा आवाज तिथपर्यंत अगदी शांत आहे, पंडितांसारखाच संथ. "आणि चेंडू उजवीकडे, उंच, उजव्या कोपऱ्याकडे..." एवढं बोलून पुढे नुसतं रडणं आहे. मुलगा म्हणतो, टीव्हीवरचा तो फटका त्याने नंतर कितीदा तरी बघितला, पण तो गेम त्याच्या मनात ह्यांच्या आवाजातच आहे.

स्टेडियममध्ये डेव्ह नीहाउसचा पुतळा बघितला असशीलच. १९७७ ला टीम सुरू झाली त्या पहिल्या दिवसापासून २०१० मध्ये जाईपर्यंत ते या टीमचा आवाज होते. पुतळ्यासमोर टेबलावर स्कोअरबुक उघडं आहे, १९९५ च्या ८ ऑक्टोबरचं पान, एडगर मार्टिनेझच्या त्या डबलचा, म्हणजे ज्या फटक्याने मॅरिनर्सनी प्लेऑफची मालिका जिंकली त्याचा गेम. आणि शेजारी एक खुर्ची आहे, लोकांनी बसून फोटो काढावा म्हणून. मला नेहमी वाटतं, ज्याने करायला लावलं त्याला बरोबर कळलं होतं की हा खेळ दोघांनी शेजारी बसून ऐकायचा असतो. तुझ्या बाबांना विचार. जो माणूस स्कोअर लिहितो त्याला समालोचन करता येतंच, सगळं पानावर असतं.

---

कृष्णाकाठची

काकू, तुमचं वाचलं आणि लगेच बाबांना फोन केला. मान वळवायची गोष्ट सांगितल्यावर ते जरा वेळ बोललेच नाहीत. डावं पानसुद्धा खरं आहे.

सुहासदादा, तुमच्या पद्धतीने वेळापत्रक काढून भिंतीवर लावलं. रविवार आणि दुपारचे गेम लाइव्ह, बाकीचे ऑडिओवर वसतिगृहातून रुग्णालयाकडे चालत जाताना. समुद्रावरून वारा असा येतो की इयरफोन टोपीखाली दाबून धरावे लागतात, पण चालायला भरपूर वेळ मिळतो.

डब्लिनकर काका, हर्लिंगला नक्की जाईन, माझी एक हाउसमेट टिपररीची आहे आणि ती मला गॉलवेच्या बाजूने बसू देणार नाही असं म्हणते. पण बाकीचं मला मान्य नाही. इथल्या लोकांनाच मी हे बोलताना ऐकते की बॉस्टनला किंवा सिडनीला गेलेला भाऊ काउंटीचा सामना कुठल्या पबमध्ये कुठल्या अवेळी बघतो. ते त्याला तिथे रमला नाही असं म्हणत नाहीत. उलट अभिमानाने सांगतात. मी मॅरिनर्स सोडले तर गॉलवे जास्त आपलं होईल असं मला वाटत नाही. ज्याला स्वतःचं गाव मनापासून धरता येतं त्यालाच दुसऱ्याच्या गावाचं वेड कळतं.

आणि बाबांनी सुरुवात केली! सीझन अजून लांब आहे, सध्या ॲरिझोनात पिओरियाला सराव गेम चालू आहेत, तर त्यातलाच एक. नावं सगळी नवख्या मुलांची, बाबांनाही धड माहीत नाहीत. "नमस्कार. पिओरियात कडक ऊन आहे. आणि हा चेंडू सरपटत शॉर्टस्टॉपकडे... त्याने उचलला... पहिल्या बेसकडे फेक... आणि बाद! सहा-तीन." मध्येच मागून आजीचा आवाज, "अरे हळू बोल, रात्र झालीय." मग तिला विचारतात, "आई, आठवी इनिंग ऐकणार का?" आणि ती म्हणते, "सांग." दोघांनी मिळून संपवलाय गेम. मी तो मेडिकल लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून ऐकला.

आता डावं पान मी इथे लिहिणार आहे. ऑडिओ ऐकत समोरची टीम मी, उजवं पान बाबा, आणि सीझनच्या शेवटी दोन्ही वह्या एकत्र. त्यासाठी एक विचारायचं होतं: चांगलं, बारापेक्षा जास्त इनिंगचे रकाने असलेलं स्कोअरबुक युरोपात कुणी कुठून मागवलंय का?

---

फ्रीमॉन्टची_पुण्यात

स्कोअरबुकचं मला ठाऊक नाही, मी साधी चौकटीची वही वापरते आणि रकाने पट्टीने आखते. रकाने हवे तेवढे वाढवता येतात.

मी लिहिणार नव्हते, पण तुझा धागा वाचून राहवलं नाही. मी फ्रीमॉन्टला वाढले, ओकलंड ए'ज या बेसबॉल टीमच्या स्टेडियमपासून बार्ट रेल्वेने थोड्या अंतरावर. एकेकाळी तर टीम फ्रीमॉन्टलाच यायची होती, योजना झाली आणि बारगळली. मी पुण्यात संस्कृतमध्ये पीएच.डी. करते आहे, कर्वेनगरला आजीकडे राहते. वेळेच्या बाबतीत माझी चैन आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरचा संध्याकाळी ६:४० चा गेम इथे सकाळी ७:१० ला सुरू होतो. आजी पोहे करते, मी लॅपटॉप ओट्यावर ठेवते, आणि साडेनऊ-दहाला गेम संपवून भांडारकरला जाते.

पण २६ सप्टेंबर २०२४ चा गेम दुपारचा होता, म्हणजे इथे मध्यरात्रीनंतर एक वाजून सात मिनिटांनी. ओकलंडमधला शेवटचा. १९६८ पासून ती टीम त्या गावात होती, चार वर्ल्ड सिरीज तिथून जिंकल्या, आणि त्या दिवशी ४६,८८९ लोक निरोप द्यायला आले होते. टेक्ससला ३-२ ने हरवलं. गेम संपल्यावर मॅनेजर मार्क कॉटसे मैदानात उभं राहून लोकांचे आभार मानत होता, आणि मैदानाची निगा राखणारे कर्मचारी कपात माती भरून भरून लोकांना देत होते. माझ्या भावाला मिळाली. तो तिथे होता, मी इथे. आजी उठून माझ्याशेजारी येऊन बसली. तिला नियम कळत नाहीत, पण हिरव्या कपड्यातले ते आपले, हे माहीत आहे. तिने विचारलं, "सगळे रडतायत का?" मी सांगितलं, टीम गाव सोडून चालली. ती कोयनेच्या धरणात गेलेल्या गावातून आलेली आहे. तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

आता ए'ज वेस्ट सॅक्रॅमेंटोला खेळतात आणि २०२८ ला लास व्हेगसला जायचा बेत आहे. नावापुढे गावाचं नावसुद्धा लावत नाहीत. बरेच मित्र सोडून गेले त्यांना, आणि मला त्यांचा राग येत नाही. मी अजून बघते. त्या पोरांनी गाव हलवलं नाही, आणि सकाळी सातला तो हिरवा रंग पडद्यावर आला की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं. पण खरं सांगते, मला तुझा हेवा वाटतो. तुझी टीम हरली तरी तुझ्या गावात हरते. पंधराव्या इनिंगला सगळी गल्ली ओरडली हे वाचून मी थांबले. ते आमच्याकडे आता कुठल्याच वेळेला होणार नाही. त्यामुळे तू जाग, ऐक, वही भर, कुणाचंही ऐकून यातलं काही कमी करू नकोस.

आणि एक कामाची गोष्ट. आपल्या दोघींच्या टीम एकाच गटात आहेत, वर्षाला १३ गेम एकमेकांशी. घरचा संध्याकाळचा गेम असेल तर तो तुला मध्यरात्री आणि मला सकाळी, तिथे जमायचं नाही. पण रविवारचा दुपारचा असेल तर तुझ्याकडे रात्रीचे नऊ, माझ्याकडे दीड. मला दीड वाजता जागायची सवय आहे. डावं पान तू ए'जचं लिहिणार असशील तर उजवं, मॅरिनर्सचं, मी लिहीन. बाबांच्या पानाशी ताडून बघता येईल.

---

कृष्णाकाठची

अगं, नक्की! आजींना माझा नमस्कार सांग. वेळापत्रकात ए'जविरुद्धचे रविवारचे गेम बघून घेते आणि तारखा इथेच टाकते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, एडगरसारखं नीट अक्षरात लिहायला सांग तिला, ताडायचं काम मी करतो. मी म्हटलं, बाबा, एडगर बॅटिंग करायचा, लिहायचे ते नीहाउस. म्हणाले, तेच ते, नीहाउससारखं.